चार बोटांचें अंतर

डोळा आणि कान यांत चार बोटांचें अंतर असतें, असें आपल्याकडील जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. पाहिलेलें आणि ऐकलेलें यांत केवढा फरक पडतो हें दाखविण्यासाठीं ही म्हण निघाली, व तेवढ्यापुरतीच आम्हीं ती आजवर वापरली. परंतु याच चार बोटांच्या पट्टींत, कानाच्या छिद्रापुढें बोटभर अंतरावर, शरीरांतील एक फार राबणारा सांधा बसलेला आहे. आणि चेहरा न चिरतां, जिवंत माणसाच्या ठायीं तो आंतून पाहिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध होण्यास १९७५ साल उजाडावें लागलें, ही गोष्ट आम्हांस अलीकडेच नीट उमगली. तोंवर त्याच्याविषयींचें बरेचसें ज्ञान चाचपलेलें, मृत देहावरून ताडलेलें किंवा रोग्याच्या तोंडून ऐकलेलें होतें. म्हणजे म्हणीच्या भाषेंत तें कानाच्या बाजूचें होतें, डोळ्याच्या नव्हे.

आमचें लक्ष या विषयाकडे वळण्यास निमित्त घडलें तें मुळशी तालुक्यांत. पूर्वीं ज्यास मुळशी पेटा म्हणत, त्या भागांत पौडाच्या पुढें एका खेड्यांत आम्ही भातकापणीच्या दिवसांत स्नेह्यांकडे उतरलों होतों. संध्याकाळीं शेजारच्या एक आजी ओसरीवर येऊन बसल्या. त्यांचा उजवा कान वर्षभर ठणकत होता. कानांत तेल घालून झालें, थेंब घालून झाले, एके ठिकाणीं कान धुऊन झाला, दुसऱ्या ठिकाणीं पडदा स्वच्छ आहे असें सांगून त्यांची बोळवण झाली. "कानात कायबी न्हाई म्हनत्यात, मग ठणकतंय काय, गुरुजी?" असा त्यांचा प्रश्न. भाकरीचा तुकडा चावला कीं ठणका वाढतो, जांभई दिली कीं कानापाशीं कट्ट असें वाजतें, हें त्यांनीं बोलण्याच्या ओघांत सांगितलें. परंतु तें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, म्हणून त्यांनींहि तें कोठें सांगितलें नव्हतें. शेवटीं नातवानें त्यांना जाणत्या माणसाकडे नेलें, तेव्हां दुखणें कानाचें नसून जबड्याच्या सांध्याचें निघालें. आणि साध्या उपायांनीं न भागल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया करूं, असें त्यांना सांगण्यांत आलें. तें ऐकून आजी जागच्या उठल्याच. "दुर्बिणीचं ऑपरेशन? आन् आता या वयात? माझं तर धाकट्याच्या पाठी झालंया!"

ओसरीवरील मंडळी हंसलीं, आणि आजींना कळेना कीं हंसण्यासारखें काय झालें. त्यांची चूक मुळींच नव्हती. १९८० च्या सुमारापासून आपल्या खेड्यापाड्यांतून दुर्बिणीचें ऑपरेशन म्हणजे बायकांचें कुटुंबनियोजनाचें ऑपरेशन, हा अर्थ इतका रुळला आहे कीं त्या शब्दाला दुसरा अर्थ असूं शकेल हें कित्येक घरांत कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं. शब्द तरी किती गमतीचा! दूर पाहणारी ती दुर्बीण, हा फारशींतून आलेला अर्थ. आणि येथें ती पाहते कातडीच्या आंत दोन-तीन सेंटिमीटरांवरचें. असो. त्या रात्रीं आमच्या मनांत दोन प्रश्न राहिले. जबडा बिघडला असतां कान कां दुखावा? आणि शेंगदाण्याएवढीहि मोकळी जागा नसलेल्या या सांध्यांत दुर्बीण शिरली कशी? या दोन प्रश्नांचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

जबडा निखळतो, ही गोष्ट मनुष्यास फार पूर्वींपासून ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व सोळाशेच्या सुमारास लिहिलेल्या व आज एडविन स्मिथ याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ईजिप्तमधील शस्त्रवैद्यकाच्या पोथींत, वासलेलें तोंड न मिटणाऱ्या रोग्याचा प्रकार वर्णिला आहे. दोन्ही आंगठे तोंडांत जबड्याच्या टोकांवर ठेवून, बाकीचीं बोटें हनुवटीखालीं धरून जबडा मागें बसवावा, असें तींत सांगितलें आहे. आजहि वैद्य थोड्याफार फरकानें तसेंच करतात. आपल्या सुश्रुतसंहितेंत या विकाराला हनुमोक्ष असें नांव असून सांधा जागीं आणावा, शेक द्यावा आणि पंचांगी नांवाचा पट्टबंध बांधावा, असा उपचार दिलेला आहे. ग्रीकांच्या हिपॉक्रेटीसच्या ग्रंथांतहि जबडा बसविण्याची कृति आहे. तथापि या सर्वांनीं पाहिलें तें बाहेरून दिसणारें दुखणें. तोंड उघडें राहिलें कीं तें शेजाऱ्यालाहि कळतें. ज्याचा जबडा जागेवर आहे, तोंड मिटतें, गाल सुजलेला नाहीं, आणि तरी चावतांना कान ठणकतो, अशा रोग्याला दुखण्याची खूण दाखविण्याची सोयच नव्हती.

चेहऱ्याच्या बाहेरच्या दुरुस्तींत तर आपला प्रांत जगाच्या पुढें होता. १७९२ च्या लढाईंत इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीच्या एका माणसानें त्याच्या कपाळावरची कातडी वळवून त्याला नवें नाक करून दिलें. कंपनी सरकारच्या चाकरींतील दोन शस्त्रवैद्य तेथें हजर होते. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून पुढें १८१४ सालीं कार्प्यू नांवाच्या लंडनच्या वैद्यानें तीच कृति तेथें करून पाहिली. पुण्याच्या परिसरांतील एका अनाम कारागिराचा हात विलायतेपर्यंत पोंचला तो असा. परंतु त्या कारागिराच्या कौशल्याला एक मर्यादा होती, व ती त्याच्या काळाचीच मर्यादा होती. जेथें उजेड पडे तेथेंच त्याचा हात चाले. नाकापासून वीतभर अंतरावर असलेला हा सांधा अंधारांत होता, आणि तो आणखी पावणेदोनशें वर्षें अंधारांतच राहावयाचा होता.

आतां पहिला प्रश्न. कान आणि जबडा यांचें नातें शेजाराचें आहे कीं रक्ताचें? याचें उत्तर शस्त्रवैद्यांनीं नव्हे, तर गर्भाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांनीं दिलें. आपल्या मध्यकर्णांत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशीं तीन चिमुकलीं हाडें असतात व पडद्यावरचा कंप तीं आंत पोंचवितात, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतें. १८३७ सालीं रायकर्ट नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें डुकराच्या गर्भांत पाहून असें दाखविलें कीं, यांपैकीं हातोडी आणि ऐरण हीं मूळचीं जबड्याचीं हाडें होत. कुंपणावरचा सरडा तोंड उघडतो तें याच दोन हाडांच्या सांध्यावर. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत, सुमारें वीस कोटी वर्षांपूर्वीं, जबड्याला दुसरा, नवा सांधा फुटला. कांहीं काळ जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकत्र नांदले, व मग जुन्या सांध्याचीं हाडें लहान होत होत कानांत जाऊन बसलीं. त्या मधल्या अवस्थेच्या प्राण्यांचे अवशेष पुढें खडकांतून सांपडले. म्हणजे आपला जुना जबडा आज आपल्या कानांत आहे, व आपण भाकरी चावतों ती नव्या सांध्यावर.

भाऊबंदकी तुटली तरी विहीर सामाईक राहते, तसेंच येथें झालें आहे. जबड्याच्या सांध्याला ज्या मज्जातंतूची शाखा मिळते, त्याच शाखेचे धागे कानाच्या वाटेला आणि पडद्याच्या कांहीं भागालाहि मिळतात. पडदा ताणणारा स्नायु आणि घशापासून कानापर्यंत जाणारी नळी उघडणारा स्नायु, हे दोन्ही चर्वणाच्या स्नायूंच्याच मज्जातंतूवर चालतात. शिवाय १९६२ सालीं पिंटो यांनीं, हातोडीपासून निघून जबड्याच्या सांध्याकडे जाणारा एक बारीक बंध दाखविला. त्याचें कार्य काय याविषयीं मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. मेंदूला वेदनेचा निरोप मिळतो तो या सामाईक वाटेनें, आणि निरोप कोणत्या घरून आला याची त्याची गफलत होते. मुळशीच्या आजींच्या कानांत कांहीं नव्हतें हें खरें, आणि त्यांचा कान ठणकत होता हेंहि खरें.

वैद्यकांत ही गोष्ट ठळकपणें मांडण्याचा मान अमेरिकेंतील सेंट लुईस येथील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या वैद्याकडे जातो. १९३४ सालीं त्यानें अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कान भरल्यासारखा वाटणें, आंत आवाज होणें, ठणका, चक्कर, अशा तक्रारी जबड्याच्या सांध्याच्या बिघाडानें होऊं शकतात, असें त्यानें प्रतिपादन केलें. त्याचें स्पष्टीकरण असें कीं, मागच्या दाढा पडल्या म्हणजे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचें टोंक मागें सरकतें व तेथील मज्जातंतु आणि कानाची नळी दाबून टाकतें. हें स्पष्टीकरण फार दिवस टिकलें नाहीं. १९४८ सालीं शिकागोचे शरीररचनाशास्त्रज्ञ सिशर यांनीं, अस्थींची ठेवण पाहतां असा दाब पडणें शक्य नाहीं, असें दाखवून दिलें. परंतु कारण चुकलें म्हणून निरीक्षण खोटें ठरत नाहीं. कान तपासणाऱ्याचें काम कानापाशीं संपतें व दांत पाहणाऱ्याचें दांतांपाशीं, आणि मधला सांधा कोणाच्याच वाट्याला येत नाहीं, ही खरी अडचण कॉस्टेननें उघड केली, हें त्याचें ऋण होय.

या सांध्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. वर कवटीच्या हाडांतील खांच, खालीं जबड्याचें गोल टोंक, आणि दोहोंमध्यें एक लवचीक चकती. या चकतीमुळें सांध्याचे दोन मजले होतात. तोंड थोडें उघडलें तर टोंक जागच्या जागीं फिरतें. अधिक उघडलें तर चकतीसह पुढें घसरतें. चकती सरकली कीं कट्ट असें वाजतें. ती अडली तर तोंड पुरतें उघडत नाहीं. एडिंबरोच्या ॲनन्डेल या शस्त्रवैद्यानें १८८७ सालींच कानापुढें चीर देऊन अशी सरकलेली चकती टांके घालून जागीं बसविल्याची नोंद आहे. परंतु या भागांतून चेहऱ्याचे स्नायु हालविणारा मज्जातंतु जातो. तो दुखावला तर डोळा मिटत नाहीं, ओंठ वांकडा होतो. ठणका बरा करावयास जावें आणि हंसूं गमावून बसावें, ही भीति उघड्या शस्त्रक्रियेच्या मागें सदैव उभी होती. म्हणून चीर न देतां पाहतां येईल काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता.

येथें दुसरी कथा सुरू होते, ती उजेडाची. १८०६ च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या बोत्सिनी नांवाच्या तरुण वैद्यानें मेणबत्ती, आरसा आणि नळी यांचें एक यंत्र करून शरीराच्या पोकळ्यांत उजेड नेण्याचा यत्न केला. व्हिएन्नाच्या वैद्यकपंडितांनीं त्याची कदर केली नाहीं. आणि १८०९ सालीं रोग्यांची शुश्रूषा करीत असतांच, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, तो तापानें गेला. पुढें १८७९ पर्यंत नीत्स यानें मूत्राशय पाहण्याची दुर्बीण तयार केली. तिच्या टोंकाशीं विजेनें तापलेली प्लॅटिनमची तार असे व ती थंड ठेवण्यासाठीं पाणी खेळवावें लागे. १९१८ सालीं टोकियोच्या ताकागी यांनीं तीच मूत्राशयाची दुर्बीण मृत देहाच्या गुडघ्यांत घालून पाहिली. जपानी माणूस आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. क्षयानें गुडघा आखडला तर त्याचें घरांतलें बसणें-उठणेंच अडतें. ज्या समाजाची जी अडचण, तेथें तिचा उपाय शोधण्याची तळमळ अधिक, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि गुडघ्याच्या मानानें जबड्याचा सांधा फारच लहान. त्याच्या वरच्या मजल्यांत साधारण एक-सव्वा मिलिलिटर पाणी मावतें. तेथें शिरणारी नळी सळईसारखी बारीक हवी, आणि तरीहि तिच्यांतून स्वच्छ दिसलें पाहिजे. ही अडचण दूर करण्यांत इंग्लंडचे हॅरोल्ड हॉपकिन्स यांचा वांटा मोठा. १९५४ सालीं त्यांनीं, पंजाबांत जन्मलेले आपले विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांच्यासह, कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र वाहून नेण्याची रीत प्रसिद्ध केली. व पुढें नळींत लहान भिंगांऐवजीं कांचेचे दांडे बसवून प्रतिमा कितीतरी उजळ केली. दिवा बाहेर ठेवून थंड प्रकाश आंत नेतां येऊं लागला. अशी तयारी झाल्यावर १९७५ सालीं जपानचे मासातोशी ओहनिशी यांनीं जबड्याच्या सांध्यांत दुर्बीण घालून आंतील भाग पाहिल्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. कानापासून डोळ्यापर्यंतच्या त्या चार बोटांत अखेर डोळा जाऊन पोंचला.

आज ही शस्त्रक्रिया साधारणतः अशी होते. रोग्यास भूल देतात. कानाच्या छिद्रापुढील उंचवट्याच्या मध्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ आंखतात, आणि तिच्यावर कानापासून सुमारें एक सेंटिमीटर पुढें व रेघेच्या किंचित् खालीं खूण करतात. तेथून सुईनें वरच्या मजल्यांत क्षारजल भरून तो फुगवितात, आणि मग सुमारें दोन मिलिमीटर जाडीची दुर्बीण आंत सारतात. दुसऱ्या छिद्रांतून पाणी बाहेर वाहत राहतें. पडद्यावर पाहत पाहत आंतील चिकटलेले पदर सोडवितात, कुजकट कण धुऊन काढतात, जरूर तर चकती सैल करून देतात. अंगावर राहतो तो एखाद्या टांक्याचा वण. धोका अगदींच नाहीं असें नव्हे: हात चुकला तर कानाच्या वाटेला किंवा पडद्याला इजा होऊं शकते, तोच चेहऱ्याचा मज्जातंतु दुखावूं शकतो. म्हणून हें काम सरावलेल्या हातांचें आहे.

या इतिहासांतील आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट यापुढची आहे. दुर्बीण घातलेल्या रोग्यांपैकीं अनेकांना, चकती मूळ जागीं आली नसतांहि, आराम पडूं लागला. मग गुण कशानें आला? वैद्यांच्या लक्षांत आलें कीं, नुसत्या धुण्यानें आणि चिकटलेला सांधा सुटण्यानेंच बराचसा गुण येतो. १९९१ सालीं इस्रायलच्या डोरित निट्झान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुर्बीण बाजूला ठेवून केवळ दोन सुयांनीं सांधा धुण्याची रीत मांडली, आणि तोंड अडलेल्या कित्येकांना ती पुरली. शंभर वर्षें सरकलेल्या चकतीलाच सर्व दोष दिला गेला होता. डोळ्यांनीं पाहिल्यावर कळलें कीं चकती सरकलेलीं माणसेंहि सुखानें जेवूं शकतात. दुर्बिणीनें शस्त्रवैद्याला अधिक कापावयास शिकविलें नाहीं, कमी कापावयास शिकविलें.

आपल्या प्रांताचा या विद्येशीं संबंध आला तो पोटाच्या दुर्बिणीच्या द्वारें. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनीं १९७२ पासून पोटांत दुर्बीण घालून निदान करण्यास आरंभ केला, व १९९० सालीं तेथेंच पित्ताशय दुर्बिणीनें काढण्याची हिंदुस्थानांतील पहिली शस्त्रक्रिया केली. २०२३ सालीं ते निवर्तले. सार्वजनिक इस्पितळांत, गरिबांच्या खाटेवर या विद्येचा पाया घातला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण लहान छिद्राचा खरा लाभ ज्याची रोजची मजुरी बुडते त्यालाच अधिक. मुळशी तालुक्यापुरतें बोलावयाचें तर, एके काळीं ज्या भागांतून रोग्याला डोलींतून पुण्यास आणावें लागे, तेथें आज लवळे गांवीं २०२० सालीं सुरू झालेलें मुलींचें वैद्यकीय महाविद्यालय आहे, व त्याच्या जोडीला मोठें रुग्णालयहि आहे. अंतर रस्त्याचें राहिलें नाहीं. राहिलें आहे तें विचारण्याचें आणि सांगण्याचें.

दोन इशारे दिल्यावांचून हा लेख पुरा करणें योग्य होणार नाहीं. पहिला असा कीं, न उघडणारें प्रत्येक तोंड दुर्बिणीचें नव्हे. लहानपणीं हनुवटीवर पडून, किंवा फुटलेल्या कानाचा पू सांध्यापर्यंत उतरून, हाडाशीं हाड जुळून गेलेलीं मुलें आपल्या देशांत आजहि आढळतात. त्यांना उघडी शस्त्रक्रियाच लागते. सुपारीच्या व्यसनानें तोंडाच्या आंतील अस्तर ताठून तोंड आखडतें तो विकार निराळाच. १९५३ सालीं मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनीं त्याचें वर्णन करून त्याला नांव दिलें, आणि गुटख्याच्या पुड्यांनीं आज तो तरुण पोरांपर्यंत नेला आहे. दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. कान स्वच्छ असून एकाच बाजूचा ठणका हटत नसेल, आणि माणूस तंबाखू खाणारा असेल, तर सांध्यावर ठपका ठेवण्यापूर्वीं जिभेचें मूळ आणि घसा तपासून घेतलाच पाहिजे; कर्करोगहि त्याच सामाईक वाटांनीं कानाला निरोप धाडतो.

आजींचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. त्यांचा घसा तपासून झाला होता व तो निर्मळ होता. त्यांना शस्त्रक्रिया लागली नाहीं. अशा दुखण्याचे बहुसंख्य रोगी साध्या उपायांनींच बरे होतात. कांहीं आठवडे कडक भाकरी बंद, मऊ अन्न, कानापुढें ओला शेक, जांभईच्या वेळीं हनुवटीखालीं मूठ, आणि तोंड सावकाश सरळ उघडण्याचा व्यायाम, एवढेंच त्यांना सांगण्यांत आलें होतें. मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ घरांत होताच. त्याच्या मऊ भातावर त्यांनीं ते आठवडे काढले. उन्हाळ्यांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां त्या अंगणांत वाल निवडीत बसल्या होत्या. नव्या सूनबाईच्या कानांत दडे बसतात म्हणून त्यांनीं तिला पुढ्यांत बसविलें, आपलें बोट तिच्या कानापुढें ठेवलें, आणि आम्हांकडे वळून न पाहतां म्हणाल्या, "आता तोंड उघड, बाय. सावकास."